एका माणसाच्या तीन जागा: बेसबॉलचा संघ निवडताना क्षेत्ररक्षणातील बहुउपयोगिता कशी मोजावी

मुंबईत हौशी बेसबॉल संघ चालवणाऱ्या माणसाला रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक आपल्या फलंदाजीच्या क्रमाइतकेच पाठ असावे लागते. यादीत पंधरा नावे असतात; सकाळी साडेसातला मैदानावर अकरा जण हजर असतात. शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, मुलुंडच्या पुढे अडकलेल्या धीम्या लोकलमध्ये असतो, तर दुसरा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू घेणारा, रात्रपाळी संपवून अजून कंपनीच्या फाटकाबाहेरही पडलेला नसतो. पंचांकडे लाइन-अप कार्ड द्यायला दहा मिनिटे उरली असताना, एकाहून अधिक जागा सरावाने सांभाळू शकणारे किती जण आपल्याकडे आहेत, यावर त्या दिवसाचा सामना बराचसा ठरून जातो. असे खेळाडू कसे ओळखावेत, त्यांचे मोल कसे मोजावे आणि त्या मोलाचा फुगवलेला हिशेब कसा टाळावा, हे शालेय, महाविद्यालयीन आणि क्लबच्या संघव्यवस्थापकांसाठी येथे मांडले आहे.

यादीतल्या जागांचा हिशेब

बहुउपयोगी खेळाडू सर्वांनाच आवडतो, पण त्याचे मोल नेमके कशात आहे हे विचारले की उत्तरे मोघम येतात. मोल यादीतल्या जागेत आहे. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये संघाच्या सक्रिय यादीत २६ खेळाडू असतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त १३ पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे) ठेवता येतात. बहुतेक संघ ही मर्यादा पूर्ण वापरतात, त्यामुळे बाकीच्या सगळ्या कामांसाठी १३ जण उरतात. त्यांतले आठ क्षेत्ररक्षक आणि एक डीएच, म्हणजे केवळ फलंदाजी करणारा खेळाडू, असे नऊ जण सामना सुरू करतात, आणि राखीव बाकावर चार जण बसतात. त्या चारांपैकी एक दुसरा कॅचर असतो, आणि सामन्यात काही विपरीत घडलेच तर हाताशी असावा म्हणून त्याला सहसा दुसऱ्या कामाला लावत नाहीत. उरले तीन. चार इनफिल्डच्या (बेसजवळच्या) आणि तीन आउटफिल्डच्या (मागच्या मोकळ्या भागातल्या) अशा सात जागांची राखण या तिघांनी करायची असते. शिवाय एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. तिघांपैकी प्रत्येकाला एकच जागा येत असेल, तर चार जागा उघड्या राहतात.

आपल्याकडे पिचरही इतर जागांवर खेळतात, त्यामुळे यादी लहान असूनही हिशेब थोडा सैल वाटतो. मात्र हा सैलपणा फसवा असतो, कारण संघातला सर्वांत दमदार हात बहुधा शॉर्टस्टॉपचाच असतो आणि तोच पिचिंगला गेला की सर्वांत अवघड जागा रिकामी होते. म्हणून यादी करताना खेळाडूंची संख्या मोजण्याआधी, पहिला पिचर पिचिंग करत असताना आणि दुसरा करत असताना मैदान कसे दिसेल, अशी दोन वेगवेगळी चित्रे काढावीत.

अवघड जागेपासून सोप्या जागेकडे

बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी बिल जेम्स यांनी क्षेत्ररक्षणाच्या जागा अवघडपणाच्या क्रमाने एका रेषेवर मांडल्या. या रेषेच्या सोप्या टोकाला फर्स्ट बेस आहे. त्यानंतर लेफ्ट फिल्ड, राइट फिल्ड, थर्ड बेस, सेंटर फिल्ड, सेकंड बेस अशा जागा येत जातात आणि अवघड टोकाला शॉर्टस्टॉप आहे. कॅचरचे काम इतके वेगळे आहे की तो या रेषेबाहेरच धरलेला बरा. खेळाडू अवघड जागेवरून सोप्या जागेवर सहज सरकतो. उलट दिशेने सरकणारे क्वचित आढळतात.

हा फरक किती मोठा आहे, हे आजच्या आकडेमोडीतून कळते. खेळाडूचे एकूण मोल काढण्याच्या प्रचलित पद्धतीत १६२ सामन्यांच्या पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपच्या खात्यात ७.५ धावा जमा धरल्या जातात, सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फिल्डसाठी २.५ धावा जमा धरल्या जातात, लेफ्ट आणि राइट फिल्डच्या खात्यातून ७.५ धावा वजा होतात, तर फर्स्ट बेसच्या खात्यातून १२.५. शॉर्टस्टॉप आणि फर्स्ट बेस यांच्यात वीस धावांचे अंतर पडते. आपल्या हौशी सामन्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच राहते.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो: निवडचाचणीला आलेल्यांपैकी ज्यांना शॉर्टस्टॉप जमेल असे वाटते, त्या सर्वांना आधी बाजूला काढावे आणि शक्य तितके ठेवून घ्यावेत. चार शॉर्टस्टॉप असलेल्या संघाला सेकंड बेस, थर्ड बेस आणि बहुधा सेंटर फिल्डही मिळालेले असते. चार फर्स्ट बेसमन असलेल्या संघाकडे एक फर्स्ट बेसमन आणि तीन फलंदाज असतात.

फर्स्ट बेस सोपे आहे म्हणून तेथे कोणालाही उभे करावे, असा मात्र याचा अर्थ नाही. स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर कोपराच्या दुखापतीमुळे कॅचिंग करण्याजोगा राहिला नव्हता. ओकलंडच्या संघाने २००२ साली त्याला फर्स्ट बेसवर आणले, आणि त्याला ती जागा जवळजवळ मुळाक्षरांपासून शिकावी लागली. बेसवर पाय ठेवून शरीर ताणणे, टप्पा पडून येणारी फेक खालून उचलणे, बंटच्या (बॅट हलकेच लावून चेंडू जवळच पाडण्याच्या) वेळी पुढे धावावे की मागे राहावे हे ठरवणे, या गोष्टी उंच आणि मंद खेळाडूला जन्मतः येत नाहीत.

तक्ता

आता एक मोठा कागद घ्यावा. डाव्या बाजूला खेळाडूंची नावे आणि वरच्या बाजूला पिचर धरून नऊ जागा लिहाव्यात. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण करावी किंवा ती रिकामी सोडावी. जो खेळाडू त्या जागेवर पूर्ण सामना खेळू शकतो, त्याला ‘अ’ द्यावा. जो तीन-चार इनिंग (बेसबॉलच्या सामन्यातले छोटे डाव) सांभाळेल आणि त्याच्यामुळे सामना हातचा जाणार नाही, त्याला ‘ब’. जो केवळ दुसरे कोणीच नसताना उभा राहील, त्याला ‘क’. तक्ता भरताना खेळाडूचे स्वतःविषयीचे मत नम्रपणे ऐकावे आणि लिहू नये. संघात जागा मिळावी म्हणून कोणताही तरुण खेळाडू ‘सर, मी कुठेही खेळेन’ असे म्हणतो, आणि त्यात त्याची तयारी दिसते, कौशल्य दिसत नाही. हौशी संघांचे निम्मे तक्ते या एका वाक्यामुळे खोटे ठरतात, असे माझे मत आहे.

तक्ता भरून झाला की प्रत्येक स्तंभ खाली वाचत जावा. प्रत्येक जागेसाठी किमान एक ‘अ’ आणि एक ‘ब’ असलाच पाहिजे. शॉर्टस्टॉप, सेंटर फिल्ड आणि कॅचर या तीन जागांसाठी एका ‘अ’च्या जोडीला दोन ‘ब’ असावेत. ‘क’ मोजूच नये. ‘क’ मोजायला सुरुवात केली की तक्ता भरगच्च दिसतो आणि मैदान रिकामे राहते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि मी तिला वजाबाकीची चाचणी म्हणतो. तक्त्यातून एक नाव खोडावे आणि मैदान पुन्हा भरून पाहावे; मग ते नाव परत आणून दुसरे खोडावे; असे प्रत्येक नावासाठी करावे. दर वेळी एकच गोष्ट मोजायची: एक माणूस गेल्यामुळे किती जागांवरची माणसे बदलावी लागली? समजा शॉर्टस्टॉप आला नाही. म्हणून सेकंड बेसचा खेळाडू शॉर्टस्टॉपला गेला, त्याच्या जागी सेंटर फिल्डचा आला, सेंटर फिल्डला लेफ्ट फिल्डचा गेला आणि लेफ्ट फिल्डला राखीव खेळाडू उभा राहिला. कागदावर ही मांडणी चतुर दिसते, कारण प्रत्येक जागेवर ‘ब’ किंवा त्याहून बरा माणूस आहे. प्रत्यक्षात एक जण गैरहजर असताना चार जागा बदलल्या. डबल प्लेसाठी (एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्यासाठी) एकमेकांच्या सवयीची झालेली जोडी मोडली, आउटफिल्डमध्ये कोणी कोणाला हाक द्यायची हे बदलले, आणि चार जणांचे लक्ष स्वतःच्या नव्या कामात गुंतले. त्याऐवजी राखीव बाकावर शॉर्टस्टॉपला ‘ब’ दर्जाचा एक माणूस असता, तर बदल एकच झाला असता. तो राखीव खेळाडू सेकंड बेसच्या खेळाडूपेक्षा शॉर्टस्टॉपवर थोडा कच्चा असला, तरी एकूण नुकसान बहुधा कमीच होते.

म्हणूनच बहुउपयोगिता शोधायची ती प्रामुख्याने दहाव्या ते तेराव्या क्रमांकाच्या खेळाडूंत. पहिल्या नऊ जणांना शक्य तितके जागेवर राहू द्यावे. एखाद्या गैरहजेरीमुळे दोनपेक्षा अधिक जागा हलत असतील, तर तेथे यादी ठिसूळ आहे असे समजून त्याच जागेसाठी पुढचा खेळाडू शोधावा.

मुंबईपुरती या चाचणीची एक पुढची पायरी आहे. एकेक नाव खोडून झाल्यावर मध्य रेल्वेवरून येणारे सगळे एकदम खोडून पाहावेत, मग पश्चिम रेल्वेचे, मग हार्बरचे. पहिला शॉर्टस्टॉप कल्याणचा आणि त्याचा बदली खेळाडू डोंबिवलीचा असेल, तर ज्या दिवशी पहिला येत नाही त्याच दिवशी दुसराही येत नाही. हे वाचताना हसू येईल. तक्ता घेऊन बसल्यावर येणार नाही.

दर्जा ठरवण्याची चाचणी

अ, ब, क ठरवायला एक दुपार पुरते, मात्र घड्याळ आणि वही हवी. इनफिल्डसाठी प्रत्येक खेळाडूला वीस ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) द्यावेत: दहा समोर, पाच डावीकडे, पाच उजवीकडे. चेंडू अडवला की नाही एवढ्यावर थांबू नये. बॅटला चेंडू लागल्यापासून तो फर्स्ट बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा वेळ मोजावा. बेसमधले अंतर ९० फूट असते, आणि मेजर लीगच्या पातळीवर सरासरी वेगाच्या उजव्या फलंदाजाला ते पार करायला साधारण ४.३ सेकंद लागतात असे स्काउट धरतात. आपल्या स्पर्धेतले धावपटू त्याहून मंद असतील, तेव्हा आधी आपल्याच संघातल्या सहा-सात जणांना धावायला लावून मधला आकडा काढावा आणि तो मर्यादा म्हणून वापरावा. मैदानावर क्रिकेटच्या बुटांनी उकरलेली माती आणि विरळ गवत यांमुळे शेवटचा टप्पा वाकडा येतो, हे गृहीत धरून दोन-तीन चुका माफ कराव्यात.

सेकंड बेससाठी यापेक्षा वेगळी परीक्षा लागते. डबल प्लेच्या वेळी तेथील खेळाडूची पाठ बहुधा धावपटूकडे असते, आणि चेंडू घेऊन वळणे व फेकणे एकाच हालचालीत करावे लागते. शॉर्टस्टॉपला हेच काम समोर पाहत करता येते. त्यामुळे ज्याला शॉर्टस्टॉप जमतो त्याला सेकंड बेस जमेलच असे न मानता ती वळण्याची हालचाल दहा वेळा करून घ्यावी. २०२३ पासून मेजर लीगमध्ये सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवणे बंधनकारक झाले आहे, आणि मंद खेळाडूला सोयीच्या जागी उभे करून झाकण्याचा मार्ग तेथे बराच अरुंद झाला आहे. आपल्याकडे तो मार्ग अवलंबण्याइतके फलंदाजांचे तपशील कोणापाशी नसतातच.

आउटफिल्डची चाचणी साधी आहे: डोक्यावरून मागे जाणारे पाच फ्लाय (उंच उडालेले चेंडू) द्यावेत आणि पहिले पाऊल पाहावे. पहिले पाऊल पुढे पडणारा खेळाडू कितीही वेगवान असला तरी सेंटर फिल्डसाठी ‘ब’च्या वर जात नाही. राइट फिल्डसाठी थर्ड बेसपर्यंत सरळ फेक आहे का ते पाहावे. अगदी नवख्यांच्या सामन्यांत राइट फिल्डला चेंडू कमी जातात, म्हणून सर्वांत कच्चा खेळाडू तेथे पाठवण्याची शाळाशाळांतून रीत आहे. महाविद्यालयीन पातळीवर ती लगेच महागात पडते.

क्रिकेट आणि खो-खोतून आलेले खेळाडू

आपल्या संघांत निव्वळ बेसबॉल खेळून मोठा झालेला खेळाडू विरळाच. बहुतेक जण क्रिकेटमधून येतात, काही सॉफ्टबॉलमधून, थोडे खो-खोतून. आणि प्रत्येकाबरोबर जुन्या खेळातली सवय येते. पॉइंट आणि कव्हरला उभा राहणारा क्रिकेटपटू इनफिल्डला लवकर रुळतो, पण चेंडू दोन्ही हातांच्या ओंजळीत घेण्याची त्याची सवय मोडायला महिना जातो. स्लिपमधला खेळाडू फर्स्ट बेसवर चांगला दिसतो. सीमारेषेवरून दमदार फेक करणाऱ्याला राइट फिल्ड द्यावे, मात्र त्याला फेक सतत यष्ट्यांच्या रोखाने न करता कट-ऑफच्या (मध्ये उभे राहून फेक पुढे देणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या) छातीवर करायला शिकवावे लागते. पळती करणारा खो-खोपटू क्षणात दिशा बदलतो, म्हणून सेंटर फिल्ड आणि सेकंड बेस या दोन्ही जागांसाठी त्याला तपासून पाहावे. मी पाहिलेल्या चांगल्या बहुउपयोगी खेळाडूंपैकी दोघे खो-खोतून आलेले होते, आणि दोघांनाही सुरुवातीला फेक अजिबात येत नव्हती.

यष्टिरक्षकाला थेट कॅचर करण्याचा मोह सर्वांना होतो. हात आणि नजर तयार असतात, हे खरे. तरी कॅचरला चेंडू छातीने आणि मांड्यांनी अडवावा लागतो, आणि होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतची सुमारे १२७ फुटांची फेक उकिडव्या बैठकीतून उठून करावी लागते; मेजर लीगमध्ये चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये) आल्यापासून सेकंड बेसवर पोहोचेपर्यंत साधारण दोन सेकंद लागतात. यष्टिरक्षकाला अशी फेक सहसा करावी लागत नाही. तेव्हा त्याला पहिल्या हंगामात कॅचरसाठी ‘क’च लिहावा आणि पुढे वाढवत न्यावा.

डावखुऱ्यांबद्दल क्रिकेटमधून आलेल्या व्यवस्थापकाची हमखास चूक होते. क्रिकेटमध्ये डाव्या हाताने फेकणारा कोठेही उभा राहतो. बेसबॉलमध्ये धाव फर्स्ट बेसच्या दिशेने सुरू होते, त्यामुळे सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसवर डाव्या हाताच्या खेळाडूला फेकण्यापूर्वी शरीर फिरवावे लागते आणि तेवढ्यात धावपटू निसटतो. कॅचर म्हणूनही डावखुरे जवळपास वापरले जात नाहीत. म्हणजे डावखुऱ्यासाठी पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफिल्डच्या तीन अशा पाचच जागा उरतात. पंधरांच्या यादीत डाव्या हाताने फेकणारे चारपेक्षा अधिक झाले की इनफिल्डची राखण अवघड होते. डाव्या हाताने केवळ फलंदाजी करणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही.

आपला सर्वोत्तम क्षेत्ररक्षक भटकवू नये

मुंबईच्या एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. ते फलंदाजी करत, डाव्या हाताने मध्यमगती आणि फिरकी अशी दोन्ही प्रकारची गोलंदाजी करत. अष्टपैलू या शब्दाला ते पुरेपूर पात्र होते. तरीही त्यांचे नाव घेतल्यावर डोळ्यांपुढे एकच जागा उभी राहते, ती म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यातली फॉरवर्ड शॉर्ट लेग. ज्याच्यामुळे एखादी जागा अभेद्य होते, त्याला तो दुसरीकडेही बरा खेळतो म्हणून हलवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मी स्वतः हा तोटा एका आंतर-क्लब स्पर्धेत सोसला आहे. संघाचा सेंटर फिल्डर इतका चांगला होता की इनफिल्डमध्ये भोक पडेल तेथे मी त्याला पाठवत गेलो: दोन सामने थर्ड बेस, एक सेकंड बेस, मग परत सेंटर फिल्ड. त्याने तिन्ही जागा तक्रार न करता सांभाळल्या आणि तिन्ही ठिकाणी तो ‘ब’ झाला. उपांत्य सामन्यात त्याच्या मूळ जागेवर त्याने एक सोपा फ्लाय सोडला. तो चेंडूखाली वेळेत पोहोचला होता, पण लेफ्ट फिल्डरला हाक द्यायची राहिली. चूक त्याची नव्हती.

एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागा खेळण्याचा पहिला मान मेजर लीगमध्ये बर्ट कॅम्पानेरिस याच्याकडे जातो. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सने प्रेक्षक खेचण्यासाठी त्याला दर इनिंगला नव्या जागेवर उभे केले, आणि नवव्या इनिंगमध्ये कॅचर असताना होम प्लेटवर झालेल्या धडकेत जखमी होऊन तो बाहेर गेला. खेळ रंगला, पण कोणा संघव्यवस्थापकाने त्यातून निवडीचे धोरण काढू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला बेन झोब्रिस्ट आहे. २००९ च्या हंगामात टँपा बेच्या संघाकडून तो सेकंड बेस, राइट फिल्ड, शॉर्टस्टॉप असा फिरत राहिला, पण तो राखीव नव्हता. त्याची बॅट रोज संघात असायची आणि ज्याला विश्रांती द्यायची त्याच्या जागेवर तो जायचा. पुढे २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, शिकागो कब्जकडून खेळताना तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघातला ख्रिस ब्रायंट त्या हंगामात थर्ड बेस आणि आउटफिल्ड अशा दोन्हीकडे खेळत होता आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. असे खेळाडू हाती लागले तर अर्थातच फिरवावेत. आपल्या पातळीवर ते दहा वर्षांत एखादा दिसतो. खेळाडू असे फिरवण्याच्या पद्धतीचा मान इतका वाढला की, उत्तम क्षेत्ररक्षणासाठी १९५७ पासून दिल्या जाणाऱ्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारांत २०२२ साली बहुउपयोगी क्षेत्ररक्षकासाठी वेगळा विभाग सुरू झाला.

दुसरी जागा शिकवणे

खेळाडूला एका हंगामात एकच नवी जागा शिकवावी. जोड्या एकमेकांशी नाते असलेल्या निवडाव्यात: शॉर्टस्टॉपला सेकंड बेस, सेंटर फिल्डला दोन्ही बाजूंची आउटफिल्ड, कॅचरला फर्स्ट बेस. सरावाच्या दीड तासातला पहिला तास मूळ जागेवर आणि शेवटचा अर्धा तास दुसऱ्या जागेवर, एवढे पुरते. दुसऱ्या जागेवरची पहिली परीक्षा मैत्रीपूर्ण सामन्यात घ्यावी, आणि बदल इनिंग संपल्यावर करावा.

मूकी बेट्सचे उदाहरण येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. राइट फिल्डवर सहा गोल्ड ग्लोव्ह मिळवलेल्या या खेळाडूला लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२४ साली शॉर्टस्टॉपवर उभे केले. त्याच्या फेका चुकू लागल्या, जूनमध्ये चेंडू लागून हाताचे हाड मोडले, आणि बरा होऊन आल्यावर त्याला पुन्हा राइट फिल्डवर पाठवण्यात आले. संघाने विचार सोडला नाही. मधल्या हिवाळ्यात त्याने मेहनत घेतली, आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये संपला तो बेट्सने शॉर्टस्टॉपवरून केलेल्या डबल प्लेने. अवघड दिशेने सरकण्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे, आणि त्यातही दोन गोष्टी दुर्लक्षू नयेत: व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात त्याने इनफिल्डमध्येच केली होती, आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकालाही ही जागा पक्की करायला दुसरा हंगाम लागला.

साहित्याचा खर्चही यादी करतानाच धरावा. इनफिल्डचा ग्लोव्ह साधारण ११.५ इंचांचा असतो, आउटफिल्डचा १२.५ इंचांच्या आसपास. फर्स्ट बेस आणि कॅचरची मिट वेगळी. बहुउपयोगी खेळाडूने दुसऱ्याचा ग्लोव्ह मागून घेत फिरणे बरे नव्हे, म्हणून संघाच्या पिशवीत निदान एक आउटफिल्डचा ग्लोव्ह आणि फर्स्ट बेसची एक मिट कायम असावी.

पिचरच्या खांद्याचा हिशेब

या एका ठिकाणी बहुउपयोगितेला स्पष्ट मर्यादा घातली पाहिजे. तरुण पिचरांसाठी अमेरिकेत तयार झालेल्या मार्गदर्शक नियमांनुसार १७-१८ वर्षांच्या खेळाडूने एका दिवसात १०५ हून अधिक पिच (फलंदाजाला टाकलेले चेंडू) टाकू नयेत; ३१ ते ४५ पिच टाकल्यास एक दिवस, ४६ ते ६० नंतर दोन, ६१ ते ८० नंतर तीन आणि ८१ वा त्याहून अधिक पिचनंतर चार दिवस विश्रांती द्यावी. १५-१६ वर्षांच्यांसाठी दिवसाची मर्यादा ९५ आहे. पिचरने त्याच सामन्यात कॅचर म्हणून खेळू नये, असेही हे नियम सांगतात, कारण कॅचरही दर पिचला चेंडू परत फेकत असतो. तक्त्यात ज्याच्या नावापुढे पिचर आणि कॅचर या दोन्ही चौकटी भरल्या असतील, त्याच्यापुढे लाल खूण करावी आणि वजाबाकीच्या चाचणीत तो एका दिवशी एकाच कामासाठी मोजावा. सलग दोन दिवसांच्या स्पर्धेत शनिवारी ५० पिच टाकलेल्या मुलाला रविवारी शॉर्टस्टॉपवरून लांब फेका करायला लावणेही मला पटत नाही. त्याला सेकंड किंवा फर्स्ट बेस द्यावे.

डीएच वापरता येत असेल तर त्याच्या नियमाचा एक सापळा माहीत असावा. डीएचला सामन्याच्या मध्येच क्षेत्ररक्षणाला उतरवले की उरलेल्या सामन्यासाठी संघाचा डीएच संपतो आणि पिचरला फलंदाजीला यावे लागते. म्हणून आपला सर्वांत कामाचा बहुउपयोगी खेळाडू डीएच म्हणून लिहू नये. त्याला गरज पडताच हलवता येत नाही.

शेवटची जागा

यादीत चौदा नावे ठरली आहेत आणि पंधराव्यासाठी दोघे उरले आहेत, असा प्रसंग दर वर्षी येतो. एक जण चेंडू सीमेपार मारतो, पण फर्स्ट बेसशिवाय कोठेही उभा राहू शकत नाही. दुसऱ्याची फलंदाजी बेताची आहे, मात्र शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि सेंटर फिल्ड या तिन्हींना त्याच्यापुढे ‘ब’ आहे. अशा वेळी दुसऱ्यालाच घ्यावे, असे डोळे मिटून म्हणणारे मला घाई करणारे वाटतात. आधी तक्ता पाहावा. वजाबाकीच्या चाचणीत शॉर्टस्टॉप खोडल्यावर तीन-चार जागा हलत असतील, तर दुसरा खेळाडू घ्यावा आणि फलंदाजीचे नुकसान सोसावे. ती जागा आधीच दोघा ‘ब’ खेळाडूंनी राखलेली असेल, तर तिसरा ‘ब’ बाकावर बसून राहील. तेव्हा पहिल्याला घ्यावे, कारण सामन्याच्या शेवटी एकच फटका हवा असताना तो उपयोगी पडेल. स्पर्धेत डीएच आहे की नाही, यावरही हा निर्णय फिरतो: डीएच असेल तर मोठा फटकेबाज रोज खेळू शकतो, नसेल तर फर्स्ट बेसवर आधीच असलेल्या खेळाडूला त्याच्यासाठी उठवावे लागते.

स्पर्धा सुरू झाल्यावर तक्ता कपाटात ठेवू नये. प्रत्येक सामन्यानंतर ज्या जागेवर कोणी नव्याने उभा राहिला, त्याची खूण वर-खाली करावी आणि तारीख लिहावी. मे महिन्यातला ‘अ’ पावसाळ्यानंतर, तीन-चार महिने सराव तुटल्यावर, बहुधा ‘ब’ झालेला असतो. शनिवारी रात्री नऊपर्यंत कोण येणार आहे ते फोनवर पक्के करावे, ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते पाहावे, आणि दोन लाइन-अप कार्डे लिहून ठेवावीत: एक सगळे वेळेवर आले तर, आणि दुसरे ठाण्यापलीकडचे आले नाहीत तर.